दगडूचा फोटो

झाशीच्या मानिक चौकातल्या 'जनार्दन फोटो स्टुडिओ'त त्या दुपारी जो तरुण शिरला, त्याने आत आल्यावरही टोपी काढली नाही. फोटोग्राफर रघुनाथच्या लक्षात आधी तेवढंच आलं. बाकीचं सगळं पुढच्या पाच मिनिटांत आलं.

सत्तावन्न सालचा एप्रिल होता. बाहेर गरम वाऱ्याची लू अशी सुटली होती की चौकातली कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरली होती. अशा उन्हात फोटो काढायला कोण येतं?

"फोटो पाहिजे. फॉर्मला लावायचा, लहान." आवाज मुद्दाम खाली ओढून आणलेला.

"टोपी काढावी लागेल, भैया."

तरुणाने जरा थांबून टोपी काढली. केस बारीक होते, पण कापणाऱ्याचा हात न्हाव्याचा नव्हता. रघुनाथने त्याला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यामागे गेला आणि काळ्या कपड्यात डोकं घातलं. काचेवर तो चेहरा उलटा दिसू लागला. हनुवटी वर, कपाळ खाली, आणि मध्ये नाकाच्या डाव्या पाळीवर एक बारीक छिद्र...

तो कपड्यातून बाहेर आला. "नाक टोचलंय तुमचं."

"टोचलंय. मग?" तरुणाने हनुवटी उचलली. "आमच्या आईचे तीन मुलगे गेले. चौथा मी. म्हणून नाक टोचलं, नाव दगडू ठेवलं. तुमच्याकडे असं करत नाहीत का?"

करत नाहीत! रघुनाथला हसू दाबावं लागलं. त्याच्या आईचेही तीन मुलगे पाळण्यातच गेले होते. चौथा हा झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी बाराव्या दिवशीच त्याचं नाक टोचून घेतलं. नथ घातली, आणि मुंज होईपर्यंत परकर-पोलक्यात वाढवला. मृत्यू दाराशी आलाच तर त्याला वाटावं, ही तर मुलगी, आणि त्याने निघून जावं. गल्लीतली पोरं त्याला 'नथ्थू' म्हणून चिडवायची. मुंजीत नथ उतरली, वर्ष-दीड वर्षात छिद्र बुजलं, तिळाएवढा खळगा राहिला.

तेव्हा नवसाच्या मुलाचं नाक पंचविशीत कसं दिसतं, हे साऱ्या झाशीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? या दगडूचं छिद्र उघडं होतं. भोवतीची इवलीशी गोल कातडी ऊन न लागल्याने गोरी राहिली होती. कालपरवापर्यंत तिथे चमकी होती, हे उघड होतं.

बोलून टाकावं, असं त्याला वाटलं. पण ती मुलगी पाठ ताठ करून, मुठी गुडघ्यांवर ठेवून अशी काही बसली होती, की त्याच्याने बोलवेना.

"हलू नका," तो म्हणाला. "श्वास धरा."

*

दहा-बारा दिवसांनी दगडू परत आला, आणि रागानेच आला.

"अहो, माझं नाक कुठंय?"

"आहे की जागेवर."

"फोटोत! फोटोत कुठंय?" त्याने फॉर्म टेबलावर आपटला. "शाळेच्या दाखल्यात लिहिलंय, ओळखीची खूण, नाकाच्या डाव्या बाजूला टोचल्याची. आणि फोटोतलं नाक हे असं गुळगुळीत! मुंबईहून फॉर्म परत आला."

रघुनाथने फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. बारीक पेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग, देवीचे वण, सुरकुत्या घालवणं हे त्याचं रोजचं काम. स्वतःच्या प्रत्येक फोटोतला तो खळगा तो वयाच्या सोळाव्या वर्षापासून न चुकता पुसत आला होता. हात सवयीने चालला, आणि तिचं छिद्रही पुसून गेला.

"चूक माझी. पुन्हा काढू. पण फॉर्म कसला आहे?"

"जहाजावरच्या नोकरीचा."

"झाशीहून जहाजावर?"

"का? लांबात लांब कुठं गेलात तुम्ही?"

"मोठ गावाला. एका लग्नाचे फोटो काढायला."

"मोठ! तीस मैल! आणि मोठच्या पुढे?"

"पुढे कानपूर आहे असं ऐकून आहे..."

दगडू हसला. ते हसू खालच्या पट्टीत ओढायचं मात्र राहून गेलं. रघुनाथने खाली मान घालून कॅमेऱ्याचा स्क्रू उगाच दोनदा पिळला.

दुसरा फोटो हलला. तिसऱ्याला उजेड कमी पडला. चौथ्याची प्लेट, काय सांगावं, हातातून निसटली. दर गुरुवारी जवळच्या बबिन्याहून बस येई आणि बसमधून दगडू येई. रघुनाथ तोवर चौकातून सीताफळाच्या दिवसांत सीताफळं, नाहीतर मूगदाळीचे मंगोडे आणून ठेवी.

"एवढा वाईट फोटोग्राफर दुकान चालवतो तरी कसा?"

"गिऱ्हाइकं चांगली आहेत."

"मुद्दाम करताय ना?"

"दगडूजी, कलेत घाई चालत नाही."

मग दगडू स्टुलावर बसून समुद्राचं सांगायचा. रत्नागिरीच्या धक्क्यावर बहीण-भाऊ कसे बसायचे, जहाजाचा भोंगा पोटात कसा वाजतो, ओहोटीला वाळू पायाखालून कशी सरकते. सांगताना डोळे असे लांब लागायचे, की रघुनाथला मानिक चौकातल्या भिंती नकोशा व्हायच्या. त्या डोळ्यांवर त्याचा केव्हाच जीव जडला होता.

एका गुरुवारी तो दगडूला घरी जेवायला घेऊन गेला. सावित्रीबाईंनी पाट मांडला, चिंचेचं सार वाढलं, समोर बसून पाहुण्याकडे दोन घास पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाळ, खरं नाव काय तुझं?"

दगडूचा हात पानातच थांबला.

"अगं, मी मुलाला मुलगी करून आठ वर्षं वाढवलाय. हा असा पाय मुडपून बसायला त्याला मीच शिकवलं होतं. मला कोण फसवणार?"

त्यावर त्या मुलीने टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि ती रडायला लागली.

तिचं नाव बकुळ. वडील सुभेदार भीमराव, बबिन्याच्या छावणीत बदलून आलेले आणि इथेच गेलेले. आई त्याआधीच गेलेली. दगडू खरा होता, तिच्याहून वर्षाने मोठा. त्याचंही नाक टोचलं होतं, त्यालाही नथ घातली होती. पण मृत्यूला उशिरा का होईना, कळलं. चौदाव्या वर्षी तो विषमज्वरात गेला. वडिलांचे बालमित्र विश्वंभर मुंबईला एका मालवाहू जहाजावर सारंग होते, खलाशांचे मुकादम. दगडू आणि वडील गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. 'मुलगा मोठा झाला असेल तर पाठव, भंडाऱ्याच्या हाताखाली स्वयंपाकघरात लावतो,' असं त्यांचं पत्र आलं, ते बकुळच्या हाती पडलं. उत्तर तिने दगडूच्या नावाने लिहिलं.

"मामांकडे असते मी. विषमज्वरातून मीही उठले यंदा, तेव्हा मामीनं केस कापले. घरात पदर घेते. शिवणाच्या क्लासला जाते म्हणून निघते, आणि धर्मशाळेत कपडे बदलते." तिने नाक पुसलं. "आम्ही दोघं जाणार होतो, काकू. तो राहिला. निदान त्याचं नाव तरी जाऊ दे."

सावित्रीबाईंनी तिच्या पानात आणखी सार वाढलं.

परतताना बकुळने रघुनाथला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या गुरुवारी आला असता का तुम्ही?"

ती लाजली. झाशीच्या भर बाजारात टोपी घातलेला एक तरुण लाजला, आणि पानवाल्याने वळून पाहिलं.

*

पुढच्या हिवाळ्यात, मावठ्याचा पाऊस दोन दिवस पडत होता, तेव्हा ती छत्रीशिवाय आली. दगडूचा सदरा अंगाला चिकटला होता. शेवटी एक फोटो बरा निघून फॉर्म पुन्हा मुंबईला गेला होता; त्याचं पत्र तिने खिशातून काढून ठेवलं.

"संपलं. जागा पक्की झालीय. पण सरकारमान्य डॉक्टरचा दाखला हवा, फोटो चिकटवून, फोटोवर सही घेऊन. छाती मोजतात. सदरा काढायला लावतात..."

रघुनाथने पत्र वाचलं. वाचता वाचता त्याच्या मनात आनंद उसळला, आणि लगेच त्या आनंदाची त्याला शरम वाटली. काहीही करायला नको होतं. नुसतं गप्प बसलं, की ती इथेच राहणार होती.

"मामांनी स्थळ ठरवलंय," बकुळ म्हणाली. "रेल्वेत कारकून आहे. कुठं, माहितीय? मोठ स्टेशनवर."

दोघांनाही हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

"रघुनाथ, तुम्हाला मला काही विचारायचंय ना?"

"...हो."

"आज विचारलंत तर मी हो म्हणेन. आनंदानं म्हणेन, खोटं सांगत नाही. तुमच्यासाठी मीही काही कमी गुरुवार मोजले नाहीत. पण मग दगडू कायमचा गेला. तुमच्या घरात बसून मी रोज तुमच्या पाठीमागे समुद्र बघेन, आणि तुम्हाला ते दिसेल. तुम्हाला सगळंच दिसतं. म्हणून आज विचारू नका."

"मग केव्हा?"

"परत आल्यावर."

"गेल्याशिवाय परत कशी येणार?" तो बोलून गेला. आणि आपण काय बोलून बसलो, ते त्याला मग कळलं. तो उठला, उजेडात आला आणि नाकावरच्या खळग्यावर बोट ठेवलं.

"ही खूण माझ्याकडेही आहे. डॉक्टरांकडे मी जातो."

"आणि फोटो?"

"फोटोग्राफर वाईट असला तरी फोटोग्राफरच आहे मी."

त्याने तिला स्टुलावर बसवून फोटो घेतला. मग तिला पांघरायला शाल देऊन तोच ओला सदरा स्वतः चढवला, त्याच स्टुलावर बसला, आणि तिला कॅमेऱ्याचं बटण दाबायला सांगितलं. डार्करूममध्ये त्याने दोन्ही निगेटिव्ह एकावर एक ठेवल्या. डोळ्यांवर डोळे, ओठांवर ओठ... सरकू नयेत म्हणून तिने काच धरली होती, आणि तिची बोटं त्याच्या बोटांखाली होती. दोघांनीही ती काढली नाहीत.

लाल दिव्याखाली थाळीतल्या रसायनात कागदावर हळूहळू एक चेहरा उमटला. भुवया त्याच्या होत्या, हनुवटी तिची. डोळे कुणाचे, ते सांगता येईना. कडा जुळल्या नव्हत्या, तिथे पेन्सिल फिरवावी लागणार होती. नाकावरची खूण मात्र दोघांची बरोबर एका जागी आली होती.

"कोण हा?" रघुनाथने विचारलं.

बकुळ थाळीवर वाकली. "दगडू. मोठा झाला असता तर... अगदी असाच..." तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. थाळीतला कागद वेळेवर उचलायचं दोघांनाही सुचलं नाही, त्यामुळे तो फोटो जरा काळपटच आला.

डॉक्टरांनी छाती मोजली, डोळे तपासले, फोटोकडे आणि रघुनाथकडे पाहिलं. "नाक क्यों छिदवाया था?"

"माँ के तीन बेटे नहीं रहे, साहब. मैं चौथा हूँ." त्या दाखल्यापुरतं एवढंच वाक्य खरं होतं.

"सब अंधविश्वास है," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

दगडू भीमराव, समुद्रावरील कामास योग्य. मोठच्या पुढे पाऊल न टाकलेल्या रघुनाथने तो कागद हातात धरून सदर बाजार ते मानिक चौक पायी पार केला. वाटेत त्याला एकदा वाटलं, योग्य तर मीच ठरलोय. पण घरी गेला तेव्हा सावित्रीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. तो घरी येईपर्यंत त्या रोजच तिथे बसायच्या. डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून पावलांच्या आवाजावरून ओळखायच्या. "आलास का रे?" त्यांनी विचारलं. "आलो," तो म्हणाला.

*

निघायच्या दिवशी बकुळ सावित्रीबाईंच्या पाया पडायला आली. त्यांनी रघुनाथची लहानपणची नथ एका चिंधीत बांधून तिच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये आपल्या हाताने शिवून दिली. सुई ओवून मात्र रघुनाथने दिली.

"ही सून म्हणून देत नाहीये हो मी. तू जगावीस म्हणून देतेय. आमच्याकडे तिनं एकदा काम केलंय."

दुपारची मुंबईची गाडी होती. स्टेशनवर फौजी, ट्रंका, चहावाले यांची गर्दी. बकुळच्या हातात पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत तो काळपट फोटो चिकटवलेला दाखला.

"चला ना," ती अचानक म्हणाली. "दाखल्यावरचा अर्धा दगडू तुम्ही आहात..."

"आईचा चौथा आहे मी, बकुळ."

तिने मान हलवली. ते तिला माहीत होतं. विचारल्यावाचून राहवलं नव्हतं, एवढंच.

"छिद्र बुजू देऊ नका," रघुनाथ म्हणाला. "बघता बघता बुजतं. मला विचारा."

"रोज रात्री काडी घालून ठेवीन. ज्या दिवशी परत यायचं, त्या दिवशी ही नथ नाकात गेली पाहिजे. मग विचारा, काय विचारायचं ते."

गाडीने शिटी दिली. रघुनाथने तिला मिठी मारली, घट्ट, सगळ्या फलाटादेखत. कुणी पाहिलंसुद्धा नाही. दोन मित्र निरोप घेत होते, त्यात बघण्यासारखं काय होतं? आयुष्यात त्याने तिला एकदाच जवळ घेतलं, आणि ते असं भर दुपारी, शेकडो माणसांत.

बबिन्याला मामांनी बरीच शोधाशोध केली. तिने चिठ्ठी ठेवली होती, 'मी सुखरूप आहे, शोधू नका.' लोक काय काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही.

पत्रं येत राहिली. एडनहून आलं, मोम्बासाहून आलं, रंगूनहून आलं. विश्वंभरकाकांनी दोन महिन्यांत ओळखलं, असं तिने लिहिलं. ते आठवडाभर बोलले नाहीत. मग तिला निजायला शिध्याची भंडाराखोली देऊन आतून कडी बसवून दिली, आणि 'दगडू, भात करपला' म्हणून तिच्यावर खेकसले. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे, 'काडी जाते अजून.' रघुनाथ सगळ्यात आधी ती ओळ वाचायचा, पत्र मागाहून. सावित्रीबाईही विचारायच्या, "काय म्हणतेय काडी?"

पाचव्या वर्षी एक पत्र जाड आलं. त्याने सवयीप्रमाणे शेवट पाहिला. ओळ नव्हती.

'वादळात सापडलो होतो,' बकुळने लिहिलं होतं. 'नऊ दिवस. नंतर डागडुजीला बंदरात दोन महिने गेले. परवा आरशात पाहिलं तर छिद्र बुजलं होतं. काडी घातली, जाईना. जोर केला तर रक्त आलं. वादळाचं निमित्त सांगून मी तुम्हाला फसवू शकले असते, रघुनाथ. पण तुम्हाला सगळं दिसतं. खरं सांगायचं तर वादळाच्या आधीच कधीतरी मी विसरले. कोणत्या दिवशी, ते आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणूनच रडतेय. मला इथलं पाणी लागलंय. मी परत यायची नाही. तुम्ही गुरुवार मोजू नका. नथ मात्र पाठवत नाही. काकूंनी ती मी जगावं म्हणून दिली होती. मी जगतेय.'

त्याने उत्तर लिहिलं, 'पुन्हा टोचता येतं.' पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. मग तिला काय वाटेल याचा विचार करत ते चार दिवस खिशात बाळगलं, आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं नाही.

आईला त्याने सांगितलं नाही. त्या विचारायच्या, तेव्हा तो म्हणायचा, "जाते अजून." सावित्रीबाई तीन वर्षं ते ऐकत राहिल्या आणि तसंच ऐकून गेल्या. त्यानंतर रघुनाथला कुठेही जायला मोकळीक होती. तो एकदा मुंबईला गेला, बंदराच्या धक्क्यावर अख्खी दुपार उभा राहिला, जहाजाचा भोंगा पोटात खरंच वाजतो हे त्याला कळलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तो परत आला.

लग्न त्याने केलं नाही. परतल्यावर एवढंच केलं, की त्या जुन्या दोन निगेटिव्ह काढल्या, पुन्हा एकावर एक ठेवल्या, आणि एक मोठा फोटो काढून दुकानाच्या काचेत लावला. या वेळी कागद वेळेवर उचलला होता. पेन्सिल नाकाला लावली नव्हती.

परवाचीच गोष्ट. चिरगाँवहून एक जोडपं लग्नाच्या पंचवीस वर्षांचा फोटो काढायला आलं होतं. नवरा केस विंचरत होता, तोवर बाई काचेतल्या फोटोसमोर रेंगाळली. एकदा फोटोकडे, एकदा पांढऱ्या केसांच्या रघुनाथकडे असं निरखून पाहून ती आपल्या बुंदेलीत म्हणाली, "काए भैया, जो तुमाओ मोड़ा है? नाक-भौंहें तो तुमाई हैं. ठोड़ी मताई पे गई हुइए."

मुलगा का हा तुमचा, असं ती विचारत होती. नाक-भुवया तुमच्या, हनुवटी आईवर गेलेली दिसते, असं म्हणत होती.

रघुनाथ काळ्या कपड्यात डोकं घालायच्या बेतात होता. तो थांबला.

"हाँ," तो म्हणाला. "जहाज पे रहता है."

मग त्याने त्या दोघांना शेजारी शेजारी बसवलं, आणि हलू नका म्हणून सांगितलं.